एकेचाळिसावं नाव

१

कोल्हापुरात मंगळवार पेठेत तालमीसमोर मांडव घातला होता. आणीबाणी उठून दोन महिने झाले होते आणि जिल्ह्यातले मिसाखाली धरलेले सगळे कैदी सुटून आले होते. सगळे म्हणजे जे जिवंत होते ते.

मे महिन्यातली सकाळ. दहा वाजताच पत्रे तापले होते. व्यासपीठावर त्र्यंबकराव बावडेकर वकील उभे होते. त्यांच्या हातात लंडनहून आलेलं जाड पाकीट होतं. नागरिक हक्क मंडळ या चार-पाच माणसांच्या मंडळानं गेल्या वर्षी कैद्यांची एक यादी गुपचूप परदेशात पाठवली होती. लंडनच्या एका समितीनं ती छापली, तिकडच्या गावोगावच्या लोकांना एकेक कैदी वाटून दिला, आणि त्या लोकांनी इथल्या तुरुंगाधिकाऱ्यांना, मंत्र्यांना पत्रांवर पत्रं लिहिली. कुणाला औषध मिळालं, कुणाला आईच्या अंत्यविधीला जायची परवानगी मिळाली. आता समितीच्या मिस ब्रॅडवेल नावाच्या बाईंनी त्याच यादीची छायाप्रत आठवण म्हणून पाठवली होती. वकील एकेक नाव वाचत होते, ज्याचं नाव येई तो उठून हार घेत होता.

चाळीस नावं झाली. वकिलांनी कागदाची घडी घातली. टाळ्या सुरू झाल्या.

बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत एक बाई उभी राहिली. कपाळावर विभूती, अंगावर धुवट इरकल. गुळाचे व्यापारी चन्नाप्पा शेटे यांची बायको, गौराबाई.

"वकीलसाहेब, माझा चन्नवीर राह्यला की."

वकिलांनी कागद पुन्हा उघडला. वरून खाली, मग खालून वर बघितलं. टाळ्या थांबल्या होत्या.

"गौराबाई," ते हळू म्हणाले, "इथं नाव नाही."

"न्हाय कसं? तुम्हीच घरी येऊन लिहून घेतलंसा. साखरेचा आजार, रोज सुई लागती, सगळं सांगितलं मी."

चन्नवीर शेटे, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारा, वय एकतीस, चार ऑक्टोबरला तुरुंगातच वारला होता. इन्सुलिन वेळेवर मिळालं नव्हतं. त्याच बराकीतले अंबादास भंडारे मात्र त्याच्या आधी महिनाभर इस्पितळात हलवले गेले होते, कारण परदेशातून त्यांच्या नावानं पत्रांचा ढीग येऊन पडला होता. ते आता पुढच्याच रांगेत बसले होते, गळ्यात हार घेऊन.

गौराबाई व्यासपीठापर्यंत चालत गेली, वकिलांच्या हातातून पाकीट घेतलं आणि मांडवाच्या मागच्या टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्यासमोर येऊन थांबली.

"शिरस्तेदार, तुमची हयात कोर्टात गेली. तुम्ही कागद वाचता. ह्यो वाचा आणि सांगा, माझ्या लेकाचं नाव कुणी खाल्लं."

२

यज्ञेश्वर हुपरीकर बत्तीस वर्षं जिल्हा न्यायालयात होते, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. खोटा दस्त त्यांना वासानं कळतो असं वकील म्हणत. पण आणीबाणीच्या सुरुवातीला मंडळाचे लोक निषेधाच्या पत्रकावर सहीसाठी आले तेव्हा त्यांनी दार अर्धं उघडून "मला यात घेऊ नका" असं सांगितलं होतं. सहीला आलेल्यांत चन्नवीर होता. तो रागावला नाही. नमस्कार करून जिना उतरून गेला. त्यामुळे गौराबाईला नाही म्हणायचं तोंड त्यांना नव्हतं.

दुपारी ते बावडेकरांच्या कचेरीत गेले. पाकिटातले कागद टेबलावर मांडले. मिस ब्रॅडवेल यांचं पत्र, मंडळाच्या जुन्या इंग्रजी पत्राची प्रत, यादीची दोन पानं, आणि यादी ज्यातून गेली त्या जुन्या पाकिटाचीही प्रत. लंडनच्या बाई काटेकोर असाव्यात.

"हे वाचलंत का, त्र्यंबकराव?" यज्ञेश्वरांनी बाईंच्या पत्रातल्या शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

वकिलांनी चष्मा चढवला. बाईंनी लिहिलं होतं: तुमच्या पत्रात एकेचाळीस कैदी म्हटले आहेत, यादीत मात्र चाळीसच नावं आहेत. एकेचाळिसावा कोण, असं आम्ही तेव्हाही दोनदा विचारलं होतं. उत्तर आलं नाही. तो माणूस सुखरूप असेल अशी आशा आहे.

"ती पत्रं आम्हाला मिळालीच नाहीत," वकील म्हणाले. "टपाल फोडत होते तेव्हा." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "म्हणजे नुसतं विचारत होत्या. कोण म्हणून. आणि तो तिथं..."

"यादी तुम्ही केलीत?"

"घरोघर फिरून मी केली. टाइप विमलाताईंनी केली. मुरगूडच्या कृष्णातनं ती आजऱ्याला नेली. तिथल्या काजूवाल्यांचा भाचा बोटीवर होता, त्याच्याबरोबर गेली. मधे चौथं माणूस नाही."

"चन्नवीरचं आणि तुमचं पटत नव्हतं."

वकिलांनी वर बघितलं. "नव्हतं. भर सभेत तो मला म्हणाला होता, वकील सरकारला घाबरतात आणि अशिलांना घाबरवतात. मला ते लागलं होतं. अजून लागतं, कारण खरं होतं. पण शिरस्तेदार, एकेचाळीस हा आकडा त्या पत्रात मीच लिहिला. नाव गाळायचं असतं तर आकडा आधी बदलला नसता?"

ते पटण्यासारखं होतं. यज्ञेश्वरांनी दोन्ही पानं खिडकीजवळ धरली. पहिल्या पानावर एक ते पंचवीस. अक्षरं एकसारखी, सरावलेल्या हातानं पडलेली. दुसऱ्या पानावर सव्वीस ते चाळीस. इथं एखादं अक्षर काळंभोर, शेजारचं फिकट, ओळी किंचित वाकड्या.

"त्र्यंबकराव, ही दोन पानं एका माणसानं टाइप केलेली नाहीत."

३

विमला किणीकर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होती. पस्तिशीला आलेली, एकटी. तिचं आणि चन्नवीरचं लग्न ठरता ठरता मोडलं होतं हे अर्ध्या गावाला ठाऊक होतं. तिच्या घरच्यांना तो लिंगायत म्हणून चालला नाही, आणि त्याच्या घरच्यांना ती ब्राह्मण म्हणून. मग तिनं कुणालाच होकार दिला नाही.

यज्ञेश्वरांनी यादीचं दुसरं पान तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते हातात न घेताच बघितलं.

"हे माझं नाही. हे एका बोटानं टाइप केलंय. प्रत्येक अक्षर शोधून."

"मुद्दाम तसं करता येतं."

"येतं." ती उठली, आतून एक वही घेऊन आली. वहीत जपून ठेवलेला काळा कागद होता, टंकलेखनाचा कार्बन. "आम्ही सगळ्या प्रती जाळल्या होत्या. हा मी जाळला नाही. नवा कोरा कार्बन होता, एकदाच वापरलेला. उजेडाकडं धरा."

यज्ञेश्वरांनी तो खिडकीशी धरला. काळ्यात अक्षरांच्या पांढुरक्या रेषा उमटल्या होत्या. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. आणि एकोणतीसवर: चन्नवीर चन्नाप्पा शेटे, प्राध्यापक, मधुमेह, रोज इन्सुलिन आवश्यक.

"का ठेवलात?"

"त्याचं नाव मी आयुष्यात एकदाच टाइप केलं म्हणून." तिनं वही मिटली. "तुम्हाला वाटलं असेल, रागानं गाळलं. मला राग होता. तो घरच्यांपुढं माझ्यासाठी उभा राहिला नाही. साऱ्या देशासाठी उभा राहिला, माझ्यासाठी नाही. पण मधुमेहापुढचं 'रोज' हे मी घातलंय. वकिलांनी नुसतं इन्सुलिन लिहिलं होतं. लांबच्या माणसाला नुसत्या इन्सुलिनवरून कळणार नाही असं वाटलं मला."

यज्ञेश्वरांनी मान खाली घातली. कार्बन आणि लंडनची प्रत शेजारी ठेवून ते ओळ न् ओळ ताडून बघायला लागले. जुन्या सवयीनं बोट फिरत होतं. सव्वीस बरोबर. सत्तावीस बरोबर. मग बोट थांबलं.

कार्बनवर लिहिलं होतं: अंबादास भंडारे, शिक्षक, आजरा, प्रकृती ठीक. लंडनच्या प्रतीत तीच ओळ लांबली होती. मोडक्या इंग्रजीत: अंबादास भंडारे, शिक्षक, आजरा, छातीत दुखतं, डाव्या हाताला कळ येते, औषध नाही, लवकर डॉक्टर पाहिजे.

"हे तुम्ही घातलं नाहीत?"

"नाही. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या बायकोनंच सांगितलं होतं प्रकृती ठीक म्हणून."

यज्ञेश्वर तो कागद धरून बसून राहिले. नाव काढणारा माणूस वैरी असेल असं ते सकाळपासून धरून चालले होते. पण या माणसानं एकाचं नाव काढलं होतं आणि त्याच बैठकीत दुसऱ्याचा जीव वाचवला होता.

४

कृष्णात चौगुले मुरगूडला हायस्कुलात शिपाई होता. आडदांड, चाळिशीचा, आवाज मैदानात बोलल्यासारखा. शाळेला सुट्टी होती. पटांगणातल्या लिंबाखाली तो बाकडी दुरुस्त करत होता.

"या पावणं, बसा," तो म्हणाला आणि मग ओळख पटल्यावर हातोडा खाली ठेवला. "वकिलांनी धाडलं व्हय? मला वाटलंच हुतं. गरीब माणूस, त्याच्यावरच शेकायचं."

"कुणी काही म्हटलेलं नाही. पाकीट तुम्ही कधी घेतलं?"

"आयतवारी सकाळी. तेरा जून. डब्यात भाकरीखाली घालून."

"आणि?"

"आणि काय? यस्टीत बसलो, आजऱ्याला दिलं, परत आलो."

यज्ञेश्वरांनी पाकिटाची प्रत काढली. कोपऱ्यात काजूवाल्यांच्या हातचं मोडीवळणी मराठी होतं. मिळालेल्या प्रत्येक कागदावर तारीख टाकायची त्यांची दुकानदारी सवय. "मिळाले, ता. १५ जून, मंगळवार."

"कृष्णात, कोल्हापूर ते आजरा तीन तास. तुम्हाला दोन दिवस लागले."

कृष्णातनं प्रत हातात घेतली, उलटीसुलटी केली. त्याच्या कानशिलावर घाम आला.

"भ्यालो," तो शेवटी म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "स्टँडावर पोलीस हुतं. परत्येकाचा डबा उघडून बघत हुतं. माझी दोन लेकरं. मी तसाच मागं फिरलो. आन ते पाकीट एका ठिकाणी ठिवलं. मंगळवारी पोलीस उठलं, मग गेलो."

"कुठं ठेवलं?"

"ते न्हाय सांगणार."

"कृष्णात, ते पाकीट तिथंच उघडलं गेलं."

"न्हाय." तो उठून उभा राहिला. "त्या माणसावर तुम्ही शक घिऊ नका. साऱ्या कोल्हापुरात त्या पाकिटाला त्याच्यापेक्षा भरवशाची जागा नव्हती. त्यांनी मला पाणी दिलं, धीर दिला, आन म्हणाले, माझं नाव कुणाला सांगू नकोस. मी गळ्याची आण घेतलीया. मला आत घाला पायजे तर."

"तुम्हाला कोण आत घालणार आता," यज्ञेश्वर म्हणाले. "बसा."

पण तो बसला नाही. लिंबाला पाठ टेकून उभा राहिला, आणि यज्ञेश्वर फाटकापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाला, "शिरस्तेदार, मी त्याच दिवशी गेलो असतो तर तो वाचला असता व्हय?"

यज्ञेश्वरांना खरं उत्तर ठाऊक होतं. ते न देता ते एसटीत बसले.

५

अंबादास भंडारे आजऱ्याला घराच्या ओसरीवर बसले होते. समोर अंगणात काजू वाळत घातले होते. सत्काराचा हार त्यांनी घरी आणलाच नव्हता.

"मी येणारच होतो तुमच्याकडं," ते म्हणाले. "त्या दिवशी मांडवात गौराबाईंनी विचारलं तेव्हा मला तोंड लपवायला जागा नव्हती. त्याच्याऐवजी मी जगलो असं होतंय हे."

"तुमच्या छातीचं दुखणं कधी सुरू झालं?"

"मार्चमधे. तुरुंगातच."

"घरी कळवलं होतं?"

"नाही. पत्रं वाचून सोडायचे. आणि हिला कळवून करणार काय, नुसता घोर. भेटीला आली तरी मी ठणठणीत म्हणूनच सांगितलं."

"डॉक्टरांना?"

"तुरुंगाचा डॉक्टर लांबूनच बघायचा. वायू आहे म्हणाला."

"मग ठाऊक कुणाला होतं?"

अंबादासांनी जरा विचार केला. "चन्नवीरला. शेजारीच झोपायचा. कळ आली की माझा हात चोळत बसायचा. बाकी बराकीत कुणाला कळू दिलं नव्हतं मी." ते थांबले. "ऑगस्टपासून पत्रं यायला लागली. कुठल्या कुठल्या गावांची. शाळेतल्या पोरांनी चित्रं काढलेली कार्डं. सगळ्यांत एकच मागणी, भंडारेंना हृदयाचा डॉक्टर द्या. अधीक्षक मला विचारतो, तुझं हृदय तिकडं कुणी बघितलं? चन्नवीर ती कार्डं मला वाचून दाखवायचा. हसायचा. म्हणायचा, मास्तर, तुमची ख्याती झाली. मी म्हटलं, तुझी पण येतील. तो म्हणाला, येतील की."

अंगणातला कावळा उडवायला ते उठले आणि उगाच थोडा वेळ तिथंच उभे राहिले.

"मला न्यायला गाडी आली तेव्हा मी डॉक्टरला म्हटलं, याला पण बघा, हा फार खंगलाय. डॉक्टर म्हणाला, याच्याबद्दल वरून काही आलेलं नाही."

ते ओसरीवर येऊन बसेपर्यंत यज्ञेश्वर थांबले. मग विचारलं, "मार्च ते जूनमधे चन्नवीरला भेटायला कोण आलं होतं?"

"एकदाच भेट मिळाली होती त्याला. मे महिन्यात. दहा मिनिटं."

"किती माणसं?"

"एकच," अंबादास म्हणाले. "एकालाच सोडायचे." आणि मग यज्ञेश्वरांच्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी ओसरीच्या खांबाला हात लावला. "शिरस्तेदार, हे तुम्ही काय विचारताय मला?"

६

शाहूपुरीत गुळाच्या पेढीवर सोमवारी कामकाज नसे. तरी चन्नाप्पा शेटे आले होते. गादीवर एकटेच बसले होते. मागं फळीवर, गुजरातच्या व्यापाऱ्यांना पत्रं लिहायला ठेवलेलं इंग्रजी टंकलेखन यंत्र होतं.

यज्ञेश्वर समोर बसले. दोघांचं वय सारखंच असेल.

"विचारा," चन्नाप्पा म्हणाले.

"विचारायचं काही उरलेलं नाही, आप्पा. मी सांगतो, चुकलं तर थांबवा. पाकीट तेरा जूनला निघालं आणि पंधराला पोचलं. मधले दोन दिवस ते कुणाकडं होतं ते कृष्णात सांगत नाही. पण त्यानं एक सांगितलं, कोल्हापुरात त्याहून भरवशाची जागा नव्हती. कैद्यांच्या यादीला कैद्याच्या बापापेक्षा भरवशाचं कोण? दुसरं पान नव्यानं टाइप झालं, एका बोटानं. म्हणजे ज्याच्याकडं यंत्र आहे पण धंदा टंकलेखनाचा नाही असा माणूस. तरीही मी तुमच्याकडं आलो नसतो. पण त्या पानात अंबादासच्या छातीची ओळ वाढली आहे. ते दुखणं तुरुंगाबाहेर एकाच वाटेनं येऊ शकत होतं, चन्नवीरच्या तोंडून. आणि चन्नवीरला बाहेरचं एकच माणूस भेटलं."

चन्नाप्पांनी गादीवरची सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली.

"धा मिनिटं दिली हुती," ते म्हणाले. "मी त्याच्या आजाराचं विचारतोय, आन त्यो आपला अंबादास मास्तरचंच सांगतोय. आप्पा, त्यांचं हृदय जाईल, कुणाला तरी सांगा. सुई मिळती का रे म्हटलं, तर म्हणाला, मिळती कधी कधी. पण मास्तरचं बघा."

"आणि तुम्ही बघितलंत."

"पोरानं सांगितलेलं एवढं एक काम केलं मी."

"मग त्याचं नाव का काढलं?"

बाहेर एक बैलगाडी रिकामी गेली. तिचा आवाज संपेपर्यंत ते थांबले.

"फौजदार यायचा हितं. आता बदलून गेलाय. ह्याच गादीवर बसायचा. म्हणाला, शेटे, तुमच्या पोरावर मोठं काही न्हाय. पण हे वकील बिकील परदेशात नावं धाडायच्या नादाला लागल्यात. ज्याचं नाव तिकडं गेलं, त्यो देशाचा दुश्मन झाला, त्याची फाईल दिल्लीला जाती, मग माझ्या हातात काही न्हाय. तुम्ही गप ऱ्हावा. दिवाळीच्या आत पोरगा घरात आणून सोडतो. गुरूच्या फोटोवर हात ठिवून बोलला त्यो." त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडं बघितलं नाही. "आन चौथ्या दिवशी कृष्णात ते पाकीट घिऊन दारात. दुसऱ्या दिवशी सोमवार, पेढी बंद. हितं येऊन मी पाकीट उघडलं. वरचं पत्र वाचलंच न्हाय. पोराचं नाव दिसलं आन डोळं तिथंच बसलं. खोडलं तर दिसंल, म्हणून पानच नवं केलं. सकाळी बसलो ते चार वाजले. दुसऱ्या कुणाच्या नावाला मी हात लावला न्हाय, शिरस्तेदार. माझाच काढला. माझा हुता म्हणून काढला."

"फौजदारानं नंतर काय सांगितलं?"

"बदली झाली म्हणून सांगितलं." ते थोडं हसले, ते बघवत नव्हतं. "मी वरची खोली चुन्यानं सारवून घेतली हुती. दिवाळीला येणार म्हणून. पंधरा-सोळा दिवस ऱ्हायले हुते."

यज्ञेश्वरांना काहीतरी बोलायला हवं होतं. "आप्पा, त्या ओळीनं अंबादास वाचले."

"ठाऊक हाय. सुटून आले तवा पेढे घिऊन आले हितं. म्हणाले, चन्नाप्पा, माझं दुखणं तिकडं कळलं कसं, देव जाणे. मी पेढा घेतला. खाल्ला." त्यांनी सुतळी बाजूला ठेवली. "गौरीला तुम्ही सांगणार?"

कोर्टात असताना यज्ञेश्वरांनी हजारो निकालांच्या नकला केल्या होत्या. एकही निकाल त्यांना द्यावा लागला नव्हता.

"मी नाही सांगणार. पण ती रोज मला येऊन विचारील, आणि मी खोटंही सांगणार नाही. तुम्ही सांगा. आज सांगा."

चन्नाप्पा उठले. टोपी घातली. दुकानाच्या फळ्या लावायला त्यांना फार वेळ लागला. यज्ञेश्वर मदतीला पुढं झाले तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

७

त्या संध्याकाळी शेट्यांच्या घरातून आवाज आला नाही. शेजारच्या अंबूबाईनं नंतर सांगितलं की चन्नाप्पा सोप्यावर बसून बोलत होते, गौराबाई जोंधळे निवडत होती, आणि ते बोलायचे थांबल्यावरही ती सूप संपेपर्यंत निवडतच होती. दुसऱ्या दिवशी ती शिरोळला गेली. तिथं माहेरच्या मळ्यात चन्नवीरला समाधी दिली होती. महिनाभर ती भावाकडं राहिली. परत आली ती कामापुरती. स्वयंपाक करी, ताट वाढून ठेवी. नवऱ्याशी बोलत नसे.

विमलानं लंडनला पत्र लिहिलं. नाव, वय, आजार, मृत्यूची तारीख. नाव यादीतून कसं गेलं हे लिहायचं की नाही यावर मंडळात वाद झाला. बावडेकर म्हणाले, बापाला जगापुढं उभं करू नका. तेव्हा चन्नाप्पांनी स्वतःच एक कागद लिहून आणून दिला. त्यात फौजदाराचं नाव होतं, तारखा होत्या, आणि स्वतःचं नाव. तो तसाच्या तसा गेला. फौजदाराची पुढं चौकशी लागली. त्याला काही झालं नाही.

यज्ञेश्वर आता रोज मंडळात येऊन बसत. आलेली पत्रं लावून ठेवत. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं, कुणी येऊ नका म्हटलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी लंडनचं उत्तर आलं. समितीनं आपल्या अंकात चन्नवीरचं नाव छापलं होतं, काळ्या चौकटीत. सोबत एक विनंती होती. दक्षिण अमेरिकेतल्या एका देशात लष्करानं सत्ता घेतली आहे. तिथं एक शाळामास्तर पावणेदोन वर्षं कोठडीत आहे, त्याच्यावर खटला नाही, त्याची मूत्रपिंडं अधू आहेत. कोल्हापूरचे लोक त्याच्यासाठी पत्रं लिहितील का?

रविवारी दुपारी मंडळाच्या खोलीत सगळे जमले. विमलानं नाव फळ्यावर लिहिलं. कुणाला ते नीट म्हणता येईना. कृष्णातनं दोन-तीनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. गौराबाई भिंतीशी बसली होती. तिला कुणी बोलावलं होतं असं नाही, विमलानं नुसतं सांगितलं होतं.

"त्याची आई हाय?" तिनं विचारलं.

विमलानं पत्र बघितलं. "आहे. तिनंच अर्ज केलाय."

"मग लिही. आधी औषध द्या म्हणावं. सोडायचं मागनं बघा, आधी औषध. आन आई जिती हाय म्हणावं, तिला भेटू द्या. तिला, दुसऱ्या कुणाला न्हाय." ती थांबली. "आन त्याचं नाव सगळं लिही. अर्धं नको."

विमला टाइप करत गेली. पत्र झालं. सह्या सुरू झाल्या. बावडेकर, कृष्णात, आजऱ्याहून आलेले अंबादास. यज्ञेश्वरांनी या वेळी सही केली. गौराबाईला लिहिता येत नव्हतं, तिनं अंगठा उठवला आणि पदराला पुसला.

तेव्हा दारात चन्नाप्पा उभे असलेले सगळ्यांना दिसले. किती वेळ उभे होते कोण जाणे. आत यायला ते धजत नव्हते आणि जाताही येत नव्हतं. अंबादास उठायला लागले, विमलानं त्यांना हातानं थांबवलं.

गौराबाईनं नवऱ्याकडं बघितलं नाही. तिनं समोरचा कागद उचलला, सतरंजीवरून दाराच्या बाजूला सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"सही करा," ती म्हणाली.

तीन महिन्यांत ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलली होती. चन्नाप्पा चपला काढून आत आले, गुडघे टेकून बसले, आणि सही करण्याआधी त्यांनी ते परक्या देशातल्या माणसाचं नाव, अक्षरावर बोट ठेवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतलं.